गाडीपुरतं बोलणं

माझा थोरला भाऊ माझ्याशी फक्त गाडीबद्दल बोलतो, आणि मी त्याच्याशी. नियम माझाच आहे. नऊ वर्षं आम्ही दोघांनी तो इतक्या कसोशीनं पाळलाय, की तेवढ्या कसोशीनं आयुष्यात दुसरं काही पाळलं असतं तर लोकांनी आम्हाला हार घातले असते.

गाडी वडिलांची. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज येणारी. वडिलांनी दादाला स्टिअरिंग शिकवलं आणि मला बॉनेट. पुढे दादा मोठ्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर बसला आणि मी गॅरेज काढलं. कार्ब्युरेटरच्या कामात माझा हात धरणारा आसपास कुणी नाही, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. इंजिन नुसतं ऐकून दुखणं ओळखतो म्हणून गल्लीत मला ‘कानसेन’ म्हणतात.

आता नियम का घातला ते ऐका. दादाच्या मुलीचा, म्हणजे आमच्या खारूचा, पदवी मिळाल्याचा समारंभ होता. लहानपणी कपाटावर, खिडकीवर, दिसेल तिथे चढायची म्हणून ती खारू. एका गिऱ्हाइकाची गाडी अडली होती, म्हणून मी गॅरेजमधून तसाच गेलो. शर्टाला ग्रीस, नखांत काजळी. दादाच्या ऑफिसातल्या बड्या साहेबानं माझ्याकडे बघून विचारलं, “हे कोण?” दादानं माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाला, “हे होय? हे आमच्या गाडीचे मेकॅनिक.”

खोटं नव्हतं म्हणा. पण माझ्या हातातली बशी हातातच राहिली. निघताना फाटकाशी त्याला गाठलं आणि म्हटलं, “मेकॅनिकच ना मी? मग यापुढे गाडीपुरतंच बोलायचं.” मला वाटलं, आता तरी म्हणेल, ‘अरे, चुकलं.’ तो म्हणाला, “ठीक आहे.” आमच्या घराण्यात एकच अवयव धड वाढलाय, तो म्हणजे नाक.

पुढच्या पंधरवड्यात एका रविवारी दादा गाडी घेऊन आला. “सिग्नलला बंद पडते,” म्हणाला. मी बॉनेट उघडलं, कार्ब्युरेटरचा स्क्रू जरा फिरवला, इंजिन गुणगुणायला लागलं. दादा शेजारी उभा. किती किलोमीटर झाले, क्लच कसा वाटतोय, मागून आवाज येतो का. दहा मिनिटं झाली. मग त्यानं खिशातून आपली किलोमीटरची वही काढली, टेबलावरचं माझं पेन घेतलं, आकडा लिहिला आणि गेला. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मला इतकं ओकंबोकं वाटलं, की हातातला पाना मी कुठे ठेवला ते अर्धा तास सापडेना.

म्हणून मी एक पाप केलं. तीस वर्षांच्या धंद्यातलं एकमेव. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र करणारं भांडं. त्याला एक बारका स्क्रू असतो, त्यावर गाडी उभ्या जागी नीट चालते की गचकते हे ठरतं. स्क्रूखाली एक इवलीशी स्प्रिंग असते. ती स्क्रूला जागच्या जागी धरून ठेवते. पुढच्या वेळी दादा हात धुवायला गेला असताना मी ती काढून तिथे एक मेलेली, दम गेलेली स्प्रिंग घातली. गाडीच्या हादऱ्यांनी स्क्रू हळूहळू फिरणार, दहा-पंधरा दिवसांत इंजिन गचकायला लागणार, आणि साहेब आपोआप दारात.

आला की! सुरुवातीला वेळेचा नेम नव्हता. कधी आठव्या दिवशी, कधी बुधवारी भर रहदारीत. पण वर्षभरात गाडीला अशी शिस्त लागली, की दर एक आड रविवारी बरोबर नऊ वाजता दादा हजर. ना एक रविवार इकडे, ना तिकडे. मी मनात म्हणायचो, याला म्हणतात हात! स्प्रिंग मेलेली, पण घड्याळासारखी चालते.

एका गोष्टीचा मात्र राग यायचा. दादाच्या खिशाला कायम दोन पेनं. चकचकीत, दाबायच्या बटणाची. पण वहीत आकडा लिहायचा की हात माझ्या पेनाकडे. मोठ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला स्वतःची शाई जिवावर येते, असं मी बायकोला सांगायचो. बायको म्हणायची, “अहो, मग बोला ना त्यांना.” मी म्हणायचो, “पेन गाडीत मोडत नाही.” ती कपाळाला हात लावायची आणि आतल्या खोलीत जाऊन वहिनीला फोन करायची. त्या दोघींचं रोज अर्धा तास चालतं. नियम आम्हाला, बायकांना कोण घालणार?

असं आठ-नऊ वर्षं छान चाललं होतं. मग नोकरीसाठी परगावी गेलेली खारू परत आली.

खारू आता गाड्यांच्या कॉम्प्युटरची इंजिनिअर. एका रविवारी दादाबरोबर तीही आली आणि माझ्या कामाच्या टेबलावर तिनं एक भलं मोठं खोकं ठेवलं. “बाबांच्या पासष्टीची भेट,” ती म्हणाली. “काका, कार्ब्युरेटर काढायचा. फ्युएल इंजेक्शन बसवायचं. गाडी थंडीत एका चावीत सुरू होईल, सिग्नलला बंद पडणार नाही, आणि बाबांना दर पंधरा दिवसांनी तुझ्याकडे खेपा घालायला नकोत. मेकॅनिकल काम तुझं, वायरिंग माझं.”

मी दादाकडे पाहिलं. म्हटलं, आता हा म्हणेल, वडिलांची गाडी आहे, आहे तशीच राहू दे. दादा खोक्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “जमेल का, विचार त्यांना. कठीण असेल तर राहू दे.”

झालं! ‘कठीण’ म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक, पण माझं नाक आडवं आलं. “कठीण कशाला?” मी म्हटलं. “डाव्या हाताचा मळ आहे. मालकाची इच्छा नसेल तर गोष्ट वेगळी.”

“माझी इच्छा का नसेल?” दादा म्हणाला. “उलट बरंच आहे. खेपा वाचतील.”

“आमचाही रविवार मोकळा होईल.”

“मग ठरलं तर.”

“ठरलं.”

खारूनं टाळ्या वाजवल्या. दोन घोडे आपणहून विहिरीत उतरले आणि वर म्हणाले, पाणी छान आहे.

काम तीन आठवडे चाललं. सोपं नव्हतं ते, आता सांगायला हरकत नाही. जुन्या गाडीचा कारभार निवांत. इंजिनाच्या कुशीत बसवलेला पंप टाकीतून सावकाश पेट्रोल ओढणार, कार्ब्युरेटर लागेल तेवढं घेणार. इंजेक्शनला असला संथपणा चालत नाही. त्याला दाब लागतो. जुना पंप काढून ते भोक पट्टीनं बंद केलं, टाकीजवळ विजेचा पंप बसवला. टाकी उतरवली तर आत वडिलांच्या काळापासूनचा गंज. खडे आणि साखळी टाकून ती खळाखळा हलवली, चार वेळा धुतली. उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणायला दुसरी नळी टाकली. सायलेन्सरच्या नळकांड्याला भोक पाडून धूर हुंगणारा सेन्सर बसवला. इंजिन किती तापलंय हे सांगणारा दुसरा. आणि कार्ब्युरेटरच्या जागी एक नवं तोंड, त्यात पेट्रोलची पिचकारी मारणारे इंजेक्टर.

प्रत्येक जोड आवळताना मन म्हणायचं, हा जरा ढिला ठेव. एकच. पंधरा दिवसांत सुटेल. पण दाबाखालचं पेट्रोल म्हणजे थट्टा नव्हे, तापल्या इंजिनावर एक फवारा उडाला की गाडी पेटलीच. माझं नाक मोठं आहे, पण भावाला जाळण्याइतकं नाही. सगळे जोड दोन-दोनदा आवळले. असं निर्दोष काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि करताना एवढा कष्टीही कधी झालो नव्हतो.

खारू वायरी ओढता ओढता मला लॅपटॉप शिकवायची. “काका, आता कान नको लावूस, इथे बघ. इंजिनाचं तापमान, हवा, पेट्रोल, सगळं दिसतं. आणि ही कॉम्प्युटरची डबी सगळं लिहून ठेवते, तारीख-वेळेसकट.” मी म्हटलं, “म्हणजे चहाडखोर आहे तर.” ती हसली.

आणि त्याच आठवड्यात तो प्रकार झाला. काढलेला कार्ब्युरेटर मी टेबलावर घेऊन सहज उघडला. म्हटलं, माझी ती मेलेली स्प्रिंग आठवण म्हणून काढून ठेवू. स्क्रू बाहेर काढला, तर खाली माझी स्प्रिंग नाहीच! तिच्या जागी दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा, एकीत एक पिळून घातलेल्या. जुगाड, पण घट्ट. त्यातून स्क्रू आपोआप फिरणं शक्यच नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे माझ्या पाठीमागे गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला होता. दादा दुसऱ्या मेकॅनिककडे जात होता! आणि तोही कसला, तर स्प्रिंगच्या जागी पेनातल्या बिनातल्या तारा कोंबणारा कुणी भामटा. माझ्याकडे येत होता तो काय मग, उपकार म्हणून? नऊ वर्षं मी त्याला बांधून ठेवलं असं समजत होतो, आणि तो दोन दोन दारं पुजत होता. संध्याकाळी दादा गाडी बघायला आला तेव्हा मी दारातच गाठला.

“गाडीला दुसऱ्याचा हात लागलाय,” मी म्हटलं.

दादाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. हात आपोआप खिशाकडे गेला. “लागला असेल,” तो म्हणाला.

“कुणाचा?”

“आता कार्ब्युरेटर निघालाच आहे. कशाला विचारतोस?”

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! जुना कार्ब्युरेटर फडक्यात गुंडाळून फळीवर फेकला.

गाडी सुरू केली ती खारूनं. पंप दोन सेकंद घूं करून थांबला, तिनं चावी फिरवली आणि इंजिन लागलं. चोक नाही, धाप नाही, खोकला नाही. दादा मागच्या बाजूला उभा राहून धूर शोधत होता, धूर नव्हता. मी कान लावला. ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. खारूनं आम्हा दोघांना मिठी मारली आणि म्हणाली, “आता वर्षभर बघायला नको!” आम्ही दोघंही हसलो. कसे, ते विचारू नका.

पहिला एक आड रविवार आला. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. मी झाडलेली जागा पुन्हा झाडली. बायको डबा ठेवायला आली आणि म्हणाली, “कुणाची वाट बघताय?” मी म्हटलं, “कुणाची नाही. बरं झालं, दगदग गेली.” ती म्हणाली, “हो, दिसतंय तोंडावर.”

दुसराही तसाच गेला. चौथ्या आठवड्यात टोपी पान्यांच्या डब्यात आणि पाने टोपीच्या खुंटीवर, अशी माझी गत झाली. दोन गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसलो. एकदा दादाच्या गल्लीतून, काही काम नसताना, स्कूटर घेऊन गेलो. गाडी फाटकात उभी होती, पुसलेली, ठणठणीत. आपल्याच हातांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि वर तो इतका चोख बसवायचा की हलूही नये! दुसऱ्या मेकॅनिकचा राग होता तो होताच. पण खरं सांगतो, त्या वेळी दादा त्या भामट्याला घेऊन आला असता, तरी मी दोघांना चहा पाजला असता.

सहाव्या आठवड्यातला रविवार. नऊ वाजता गल्लीच्या टोकाला फट् फट् असा आवाज आला. मी पाना खाली ठेवला. हा आवाज मी झोपेतही ओळखतो. वडिलांची गाडी काळा धूर सोडत, गचके खात दारात येऊन बंद पडली. दादा उतरला. शर्टाच्या बाहीला काजळी, बोटं काळी. “कॉम्प्युटरची गाडी,” तो म्हणाला. “बिघडली.”

मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मी तडक बॉनेटमध्ये डोकं घातलं. मग खारूनं दिलेला लॅपटॉप आणला, डबीला जोडला. तापमानाच्या रकान्यात आकडा होता उणे चाळीस. म्हणजे सेन्सरची वायर निघाली होती, इंजिनाला वाटत होतं बाहेर बर्फ पडतोय, आणि बिचारं वेड्यासारखं पेट्रोल पीत होतं. वाकून पाहिलं, तर खरंच वायर लोंबत होती. पण त्या जोडाला क्लिप असते. अंगठ्यानं दाबून ओढल्याशिवाय तो निघत नाही. मी स्वतः बसवला होता.

मी चहाडखोर डबीतलं मागचं उघडलं. आज, आठ वाजून एकेचाळीस मिनिटं : तापमान एकदम नव्वदवरून उणे चाळीस. दोन आठवड्यांपूर्वीचा रविवार, आठ बेचाळीस : उणे चाळीस. आठ त्रेपन्नला पुन्हा ठीक. त्याच्याही दोन आठवडे आधी, रविवार, आठ चाळीस : उणे चाळीस. चार मिनिटांत पुन्हा ठीक.

तीन रविवार हा बाबा फाटकात गाडी सुरू करून, बॉनेट उघडून उभा होता. दोनदा वायर काढली आणि परत लावली. तिसऱ्यांदा धीर झाला.

मी मान वर केली. दादा तिकडे भिंतीवरचे पाने मोजत असल्यासारखा उभा होता. खिशाला दोन पेनं, चकचकीत. मी उठलो आणि एक पेन उपसून घेतलं. बटण दाबलं. बटण आत गेलं ते आतच राहिलं. कागदावर टेकवलं, तर टोक मागे सरकलं. दुसरं घेतलं. तेही तसंच. दोन्ही पेनांना स्प्रिंग नव्हती.

फळीवरचं फडकं काढून मी कार्ब्युरेटर टेबलावर ठेवला. पिळलेल्या दोन्ही स्प्रिंगा त्याच्या शेजारी, आणि पेनं त्यांच्या शेजारी. मी इतकी वर्षं स्वतःला चोर समजत होतो, आणि हा निघाला चोरावर मोर!

“माझी स्प्रिंग का काढलीस?” मी विचारलं. प्रश्न गाडीचाच होता.

दादानं बराच वेळ घसा साफ केला. “तुझी बुधवारीच ढिली व्हायची,” तो म्हणाला. “बुधवारी मला ऑफिस असायचं. रविवारी सकाळी आपलं आपणच ढिलं केलेलं बरं.”

“आणि हे तुला सुचलं कसं? तुला तर बॉनेट उघडता येत नाही.”

“तू करताना बघत होतो ना. दर पंधरा दिवसांनी.”

हसू येत होतं की रडू, कळेना. तेवढ्यात शेजारचा टेम्पोवाला ब्रेकचं तेल मागायला आत आला. दादाचे काळे हात, मळलेली बाही, टेबलावर पसरलेल्या स्प्रिंगा बघून त्यानं मला विचारलं, “हे कोण? नवीन माणूस ठेवलात की काय?”

नऊ वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तर घासूनपुसून तयार होतं, रात्री कूस बदलताना पाठ केलेलं : ‘हे होय? हे आमचं गिऱ्हाईक.’ दादालाही ते कळलं असावं. त्यानं खाली बघितलं, आपली बाही मुठीत धरली आणि वाट बघत राहिला.

“दादा आहे माझा,” मी म्हटलं. “सख्खा. थोरला.”

“असं होय! तरी म्हटलं, नाक सेम आहे,” टेम्पोवाला म्हणाला आणि तेल घेऊन गेला.

दादा तिथल्या स्टुलावर बसला. फडक्यानं बोटं पुसली. मग म्हणाला, “त्या दिवशी साहेबासमोर मला लाज वाटली होती. घरी सगळे गेल्यावर स्वतःची वाटली. ती अजून वाटते.” आणि पुढे म्हणाला, “हे गाडीत बसत नाही, ठाऊक आहे मला.”

“बसतं,” मी म्हटलं. “मोठी गाडी आहे.”

मी वाकून सेन्सरची वायर लावली. क्लिप टक् करून बसली. चावी फिरवताच इंजिन निमूटपणे लागलं. दादा उठला नाही, मीही उठवलं नाही. बायकोनं डबा आणला तो नेहमीपेक्षा जड होता, म्हणजे सकाळीच दोघींचं फोनवर झालं होतं. जेवण झाल्यावर दादानं किलोमीटरची वही काढली आणि सवयीनं हात पुढे केला. मी माझं पेन दिलं, आणि परत घेतलं नाही.